चूक सांगायची कुणापाशी?

विभागप्रमुख झालो त्याच वर्षी गुणांची बेरीज चुकली म्हणून एका तरुण सहकाऱ्याला मी सर्वांदेखत फैलावर घेतले. त्यानंतर वर्षभर माझ्यापर्यंत एकही चूक आली नाही. मला वाटले, धाक कामी आला!

पुढे नापास झालेल्या एका मुलीने कॉलेज सोडले. मग कळले, तिच्या गुणांची बेरीजच चुकली होती. आणि ते त्याच सहकाऱ्याच्या वेळीच ध्यानात आले होते. "सर, तुम्हांला सांगायचा धीर झाला नाही," एवढेच तो म्हणाला.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनाही १९९० नंतरच्या दशकात रुग्णालयांची पाहणी करताना असाच चकवा बसला. जिथे परिचारिकांचे आपसांत व प्रमुखाशी उत्तम जमे, तिथेच औषधांच्या चुकांची नोंद अधिक! उलगडा साधा होता: तिथे चुका अधिक घडत होत्या असे नव्हे, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. या निर्भयपणावरचा त्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला.

आता कुणी चूक घेऊन आला, की मी आधी खुर्ची पुढे करतो, चहा मागवतो. रागवायचे बहुधा राहूनच जाते.

त्या मुलीचा पत्ता मात्र अजून लागलेला नाही.