‘टॉवेल’ या शब्दाचे अर्थक्षेत्र : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मराठीच्या अनुषंगाने

‘टॉवेल’ या शब्दाचा अर्थ विचारला असता ‘अंग पुसण्याचे वस्त्र’ असे उत्तर कोणीही विनासायास देईल, आणि कोशकारालाही त्याहून अधिक काही लिहिण्याची आवश्यकता सहसा वाटत नाही. परंतु लग्नघरी, मांडवाच्या एका बाजूस आहेराचे गाठोडे सोडून बसलेला वडीलधारा माणूस जेव्हा ‘मामांना टॉवेल-टोपी झाली का?’ असे विचारतो, तेव्हा त्या प्रश्नाचा अंग पुसण्याशी काडीचाही संबंध नसतो. मामांचा मान राखला गेला की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. उत्तर नकारार्थी आले तर त्याचे पडसाद दोन कुटुंबांत वर्षानुवर्षे उमटत राहू शकतात. ज्या अर्थावरून सोयरिकी दुरावतात तो अर्थ कोशात नसावा, ही गोष्ट उपेक्षणीय म्हणता येणार नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाचा विचार मुख्यतः चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील मराठीच्या संदर्भात केला आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा निघाला. भाषादृष्ट्या मात्र हा प्रदेश अद्याप एकत्रच पाहावा लागतो.

प्रथम शब्दाच्या कुळाविषयी. इंग्रजी ‘टॉवेल’ हा त्या भाषेचा मूळचा शब्द नव्हे. तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचने तो जर्मानिक भाषांतील ‘धुणे’ या अर्थाच्या धातूपासून बनलेल्या नामावरून घेतला. त्याच उगमाचा पोर्तुगीज शब्द ‘तुआल्य’ असा काहीसा उच्चारला जातो. त्याचा अर्थ अंगपुसणे असा आहे, तसाच मेजावर अंथरावयाचे कापड असाही आहे. इटालियनमध्ये तर या कुळातील शब्दाला मेजपोस हाच अर्थ उरला. म्हणजे मराठीच्या अंगणात येण्यापूर्वीच हा शब्द धुण्यापासून पुसण्याकडे आणि पुसण्यापासून अंथरण्याकडे सरकलेला होता.

भारतात तो दोन वाटांनी शिरला. पोर्तुगीजांच्या वाटेने कोंकणीत ‘तुवालो’, हिंदीत ‘तौलिया’ आणि तेलुगूत ‘तुव्वाल’ ही रूपे आली. इंग्रजीच्या वाटेने मराठीत ‘टॉवेल’ आला. या दोन वाटांची खूण आद्य व्यंजनात सापडते. पोर्तुगीज त-कार दंत्य असल्याने त्या वाटेने आलेल्या रूपांत ‘त’ आहे. इंग्रजी त-कार दंतमूलीय असल्याने भारतीय कानांना तो ‘ट’ वाटतो. तथापि या खुणेवर सर्वस्वी विसंबणे धोक्याचे आहे. पोर्तुगीज ‘बताता’ मराठीत ‘बटाटा’ झाला, हे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. जुन्या पिढीच्या लिखाणात व बोलण्यात आढळणारे ‘टुवाल’ हे रूप याच कारणाने मोठे कुतूहलाचे आहे. त्याचे स्वर पोर्तुगीज वाटेचे दिसतात, व्यंजन इंग्रजी वाटेचे असू शकते किंवा बटाट्याप्रमाणे मराठीच्या घरचेही असू शकते. दोन रूपांच्या संकराने ते सिद्ध झाले असावे, असे मानण्याकडे कल होतो. झाडीपट्टीत सर्रास ऐकू येणारे ‘टावेल’ हे रूप मात्र निःसंशय इंग्रजी वाटेचे आहे. ग्रामीण मराठीला विवृत ‘ऑ’ परका असल्याने त्याचे ‘आ’ होणे स्वाभाविकच होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. मराठीजवळ या जातीच्या वस्त्रांना नावे नव्हती काय? होती, आणि भरपूर होती. त्या नावांची घडण पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. ‘अंगपुसणे’ हे नाव वस्त्राची क्रिया सांगते. ‘रुमाल’ हा फारसी समास तोंड पुसण्याचे कापड असे सांगतो, आणि ‘दस्ती’ या शब्दात हाताचा निर्देश आहे. ‘पंचा’ वस्त्राचे माप सांगतो, ते पाच हातांचे. ‘दुपट्टा’ हे दोन पट्टांचे वस्त्र. ‘उपरणे’ हे वर घेण्याचे. ही नावे बोलकी आहेत. वस्तू न पाहताही नावावरून तिचा काही अंदाज बांधता येतो. अर्थात बोलक्या नावांनीही आपले मूळ सोडले आहे. रुमाल डोक्याला बांधला जाऊ लागला. पुढे दप्तरखान्यात कागद ज्या कापडात बांधून ठेवत त्याला रुमाल म्हणू लागले, आणि अखेर त्या कागदांच्या गठ्ठ्यालाच ते नाव मिळाले. पेशवे दप्तरात काम करणारा अभ्यासक ‘रुमाल’ मागतो तेव्हा त्याला घाम पुसावयाचा नसतो. पंचा हे एके काळी नेसावयाचे वस्त्र. महात्मा गांधींनी १९२१ साली मदुराईत जो पोशाख पत्करला त्याला मराठी माणूस पंचाच म्हणतो, टॉवेल कधीही म्हणणार नाही. तोच पंचा राजापुरी पंचाच्या रूपाने आज मुख्यतः अंग पुसण्याच्या कामी येतो.

‘टॉवेल’ या शब्दाचे तसे नाही. मराठी कानाला त्यातून काहीच ऐकू येत नाही. ना क्रिया, ना माप, ना अवयव. परका शब्द व्युत्पत्तीचे ओझे मागे टाकून येतो, आणि म्हणूनच समाज त्याला ज्या जागी बसवील त्या जागी तो बसतो. या शब्दाला मिळालेल्या जागा दोन आहेत, आणि त्या परस्परांपासून बऱ्याच दूर आहेत. पहिली जागा न्हाणीघरातील. तेथे त्याने अंगपुसण्याला हुसकून लावले. फासे असलेल्या जाड कापडाचा तुर्की पद्धतीचा टॉवेल यंत्रावर विणला जाऊ लागला तो इंग्लंडात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. मराठीत त्याला आजही ‘टर्किश टॉवेल’ म्हणतात. सोलापूरने हा माल घरोघर पोहोचविला. या पहिल्या जागेविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दुसरी जागा मानाची, आणि ती या शब्दाने ‘शेला-पागोटे’ या जोडशब्दाकडून घेतली. एखाद्याचा गौरव करावयाचा तर त्याला शेला आणि पागोटे द्यावयाचे, ही जुनी रीत. पागोटे मागे पडले, त्याच्या जागी टोपी आली. शेला विणणारे माग थंडावले, त्याच्या जागी गिरणीचा टॉवेल आला. वस्तू बदलल्या, शब्दही बदलले. परंतु जोडशब्दाचा साचा, त्यातील क्रम आणि त्यामागील कर्तव्य ही तशीच राहिली : आधी अंगावरचे वस्त्र, मग डोक्यावरचे. स्त्रियांच्या बाजूने ‘साडी-चोळी’ हा त्याचा जोडीदार. (महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत ‘शेलापागोटी’ म्हणजे सहाध्यायांची थट्टा करणारी पद्ये असा अर्थ रूढ झाला. मानाचा शब्द थट्टेच्या कामी लागला, तोवर मानाचे काम टॉवेल-टोपीने सांभाळले होते.)

हा टॉवेल बहुधा पुसण्यास निरुपयोगी असतो, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. आहेरासाठी मिळणारे कापड विरळ विणीचे असते. ते खांद्यावर ठेवले जाते, टोपी क्षणभर डोक्यावर चढते, नमस्कार होतो, आणि दोन्ही वस्तू पिशवीत जातात. पुष्कळदा पुढल्या लग्नात त्या दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर व डोक्यावर जाऊन बसतात. अशा फिरत्या आहेराविषयी विनोद पुष्कळ होतात, परंतु अर्थाच्या दृष्टीने त्यात काही उणे नाही. चलनी नाणे हातोहाती फिरते म्हणून कोणी त्याला खोटे म्हणत नाही.

शोकप्रसंगीही हीच जोडी येते. मृताच्या दिवसकार्यानंतर सोयरे मुख्य दुखवटेकऱ्याला वस्त्रे देतात. त्या देण्यालाही दुखवटा म्हणतात. तेथे टॉवेल-टोपी देण्याचा आशय असा की, सुतकाने व्यवहाराबाहेर गेलेला माणूस पुन्हा चारचौघांत आला. मांडवातील आणि तेरवीतील टॉवेल एकाच दुकानातला असतो; दोन्हीकडे तो ‘तुम्ही आमचे आहात’ एवढे एकच वाक्य बोलतो.

मात्र विदर्भाच्या या पूर्व भागात टॉवेल या शब्दाला एक बलवान प्रतिस्पर्धी आहे. तो म्हणजे ‘दुपट्टा’. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला दुपट्टा म्हटले की मुलींची ओढणी आठवते. चंद्रपूर-गडचिरोलीत दुपट्टा हा प्रथम पुरुषाच्या खांद्यावरचा असतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा कान झाकून बांधावयाचा तो दुपट्टाच. रानात मोहफुले वेचावयास निघालेल्या माणसाची भाकरी ज्यात बांधलेली असते तोही दुपट्टाच. ओझ्याखाली चुंबळ म्हणून पिळून ठेवावयाचा, झाडाखाली अंथरावयाचा, घाम पुसावयाचा तोही बहुधा तोच. अंग पुसण्याचे काम दुपट्टा करतो, आणि तरीही त्याला कोणी टॉवेल म्हणत नाही. उलट आहेरातील टॉवेल काहीच पुसत नाही, आणि त्याला टॉवेलच म्हणतात. शब्दाचा अर्थ वस्तूच्या उपयोगावरून ठरतो, या समजुतीला याहून स्पष्ट छेद क्वचितच मिळेल. झाडीबोलीच्या उच्चारात ‘शेला’ चा ‘सेला’ होतो, जसे ‘डोळा’ चा ‘डोरा’ आणि ‘पाणी’ चे ‘पानी’. हा सेला वृद्धांच्या बोलण्यात टिकून आहे, पण दुपट्ट्याने त्याचीही बरीच जागा व्यापली आहे. आरमोरी परिसरातील कोशाच्या म्हणजे टसर रेशमाच्या वस्त्राचा दर्जा अर्थातच निराळा.

दोन शब्दांची मर्यादा पारखण्यास एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहावे. ‘त्याने पक्षाचा दुपट्टा गळ्यात घातला’ हे वाक्य वृत्तपत्रांत नित्य येते. त्याचा अर्थ त्याने पक्षप्रवेश केला. ‘पक्षाचा टॉवेल’ म्हटल्यास हसू येईल. ‘दुपट्टा-टोपी’ समजेल, परंतु कानाला किंचित अडेल. ‘टॉवेल गुंडाळून दारात आला’ यात अनौपचारिकपणा, किंबहुना थोडा संकोच आहे. ‘दुपट्टा गुंडाळून आला’ यात तो नाही, कारण तो उन्हातून आला असे ऐकणारा समजतो. भाषाशुद्धीच्या अभिमानाने कोणी ‘अंगपुसणे-टोपी’ हा प्रयोग सुचविलाच, तर तो का चालणार नाही हे आता वेगळे सांगावयास नको.

या वाटणीचे सर्वांत बोधप्रद साम्य दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात आढळते. प्राणहितेच्या या काठावरील पुष्कळ लोकांची घरची भाषा तेलुगू, शाळेची व कचेरीची मराठी. तेलुगूत खांद्यावरच्या मानाच्या वस्त्राला ‘कंडुवा’ म्हणतात, आणि पक्षाचा कंडुवा पांघरणे म्हणजे पक्षप्रवेश, हा वाक्प्रचार नदीपलीकडे तेलंगणात अगदी रुळलेला आहे. अंग पुसण्याचे ते ‘तुव्वाल’. साध्या कापडाला ‘तुंडु’, म्हणजे अक्षरशः तुकडा. अर्थात ‘दुपट्टा’ आणि ‘टॉवेल’ यांच्यामध्ये मराठीने जी रेषा आखली, जवळजवळ तीच रेषा निराळ्या कुळातील तेलुगूने ‘कंडुवा’ आणि ‘तुव्वाल’ यांच्यामध्ये आखली. शेजारी राहणाऱ्या भाषा शब्द उसने घेतात हे सर्वश्रुत आहे. येथे शब्द निराळे राहिले आणि त्यांमधील विभागणी सारखी झाली. शिवाय ‘तुव्वाल’ आणि ‘टावेल’ ही एकाच जर्मानिक मूळाची दोन भावंडे, एक लिस्बनहून आणि एक लंडनहून निघालेली, या एका तालुक्याच्या बाजारात समोरासमोर येतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली आणि द्राविड भाषांचा १९०६ साली असे स्वतंत्र निघाले. ती विभागणी कुळानुसार योग्यच होती, परंतु सिरोंच्यासारख्या ठिकाणचा शब्दव्यवहार दोन्ही खंड एकत्र उघडल्याखेरीज समजत नाही.

एका वापराचा उल्लेख राहिला. एसटीची गाडी फलाटाला लागण्यापूर्वीच खिडकीतून आसनावर टॉवेल किंवा रुमाल टाकला की ती जागा टाकणाऱ्याची होते. उभा राहून प्रवास करणारा माणूसही तो सहसा उचलीत नाही. उचललाच तर भांडण होते, आणि भांडणात सहप्रवाशांचा कौल बहुधा टॉवेलाच्या बाजूने पडतो. इंग्रजीत मुष्टियोद्ध्याचा साहाय्यक रिंगणात टॉवेल फेकतो तो हार मान्य करण्यासाठी. मराठी माणूस टॉवेल टाकतो तो हक्क सांगण्यासाठी. शब्द इंग्रजीकडून आला. ‘टाकणे’ या क्रियेचा अर्थ मात्र त्याच्याबरोबर आला नाही, तो येथेच तयार झाला. खांद्यावर ठेवलेले कापड माणसाला आपला म्हणते, आसनावर ठेवलेले कापड जागेला आपली म्हणते. दोन्ही प्रयोगांत कापड हे केवळ साक्षीदार असते.

अलीकडे पुष्कळ लग्नपत्रिकांवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असते, आणि मानपानाचा खर्च नको म्हणून टॉवेल-टोपीची प्रथा बंद करण्याचे ठराव ठिकठिकाणी गावकरी व समाजमंडळे करतात. गरीब वधूपित्याच्या दृष्टीने ते इष्टच आहे. कोशाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, या शब्दाचा मानवाचक अर्थ नोंदवून घेण्याचा काळ हाच आहे. शेल्याच्या बाबतीत तो बराचसा निघून गेला. नोंद करताना ‘टॉवेल’ आणि ‘टॉवेल-टोपी’ या दोन स्वतंत्र नोंदी कराव्या लागतील, दुसरीचा संदर्भ ‘शेला-पागोटे’ येथे द्यावा लागेल, आणि ‘दुपट्टा’ या शब्दापुढे विदर्भातील अर्थ ओढणीच्या आधी की नंतर ठेवावयाचा, हे कोशाचा संपादक कोठला आहे यावर सोडून चालणार नाही.