वणव्याची खबर

उन्हाळा लागला की आपल्या नागपूरकडच्या रानात पानगळ होते. साग, धावडा, मोह यांच्या पानांचा जाड थर जमिनीवर पडतो. तो वाळला म्हणजे एक ठिणगीही पुरते. रानात पसरणाऱ्या अशा आगीला आपण वणवा म्हणतो. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात.

वणवा आपोआप लागतो, असे पुष्कळांना वाटते. तसे क्वचितच होते. मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवितो. तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून कुणी झुडुपे जाळतो. कुणी धुऱ्यावरच्या काडीकचऱ्याला आग लावून घरी जेवायला जातो. कुणी विडीचे थोटूक फेकतो. एकदा वारा सुटला म्हणजे आग कुणाचे ऐकत नाही.

वणवा विझविणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. वनरक्षक, वनमजूर आणि गावची तरुण मंडळी हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपतात. आता पाठीवर वाऱ्याचे यंत्रही असते. त्याने पाचोळा उडवून आगीची वाट तोडतात. पण याच वेळी आणखी एक काम चालू असते. खरी खबर गोळा करायची आणि लोकांना सांगायची, हे ते काम. त्याची माहिती आज आपण घेऊ.

पूर्वी गावात काही कळवायचे असले की कोतवाल दवंडी देई. त्या दवंडीत मोठे शहाणपण होते. हुकूम कुणाचा, गोष्ट काय, कुठे, कधी आणि लोकांनी काय करायचे, हे सारे चार वाक्यांत येई. शिवाय सांगणारा एकच असे. दहाजण दहा तऱ्हांनी सांगत नसत.

मोठ्या संकटात दवंडीचे हेच काम माहिती अधिकारी करतो. ही पद्धत कशी आली, ते पाहा. १९७० साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मोठे वणवे लागले. विझविणारी खाती अनेक होती, पण त्यांचा आपसात मेळ बसेना. त्या वणव्यांत १६ माणसे दगावली. मग त्या खात्यांनी मिळून कामे वाटून घेण्याची रीत बसविली. वर एक प्रमुख आणि प्रत्येक कामाला एक जबाबदार माणूस. लोकांना माहिती देण्यासाठीही वेगळा माणूस नेमायचा, असे ठरले. आपल्या देशात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली अशीच रीत घालून दिली. तीत ‘माहिती व माध्यम अधिकारी’ हे पद आहे. माध्यम म्हणजे वर्तमानपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन वगैरे.

एक घोटाळा मात्र होऊ देऊ नका. सरकारी कचेरीत ‘जन माहिती अधिकारी’ अशी पाटी असते. तो अधिकारी वेगळा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपण अर्ज केला, की त्याने साधारणपणे ३० दिवसांच्या आत उत्तर द्यायचे असते. वणव्यात ३० दिवस कोण थांबणार? इथे घटकाघटकेला खबर लागते.

आता या माहिती अधिकाऱ्याची कामे पाहू.

पहिले काम खात्री करण्याचे. देहरादूनला भारतीय वन सर्वेक्षण ही सरकारी संस्था आहे. उपग्रहाला आगीची जागा दिसली, की ही संस्था वनखात्याच्या माणसांना फोनवर संदेश पाठविते. पण उपग्रहाला आकाशातून दिसते ती उष्णता. ती रानातली आग, की शेतात पेटविलेला कचरा, हे जागेवर गेल्याशिवाय पक्के होत नाही. म्हणून वनरक्षक जाऊन पाहतो. त्याचा निरोप आला म्हणजे अधिकारी लोकांना सांगतो. सांगण्यापूर्वी तो प्रमुखाची संमतीही घेतो.

दुसरे काम सर्वांपर्यंत पोचण्याचे. नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेला पेंचचे जंगल आहे. त्याला लागून मध्यप्रदेश आहे. अशा भागात कुणी मराठी बोलतो, कुणी हिंदी, कुणी गोंडी. फोन प्रत्येकापाशी असतोच असे नाही, आणि रानात तो लागेलच असेही नाही. म्हणून ग्रामपंचायतीचा भोंगा, पोलीस पाटील, सरपंच आणि आकाशवाणी ही सगळी साधने वापरावी लागतात. मोहफुले वेचायला बाया पहाटेच रानात गेलेल्या असतात. त्यांना निरोप कोण देणार, हेही आधी ठरवावे लागते.

तिसरे काम ऐकण्याचे. “भाऊ, कुठं लागली जी आग? आमची गुरं तिकडंच हायत.” असे विचारणाऱ्याला उत्तर द्यायचे आणि त्याची अडचण प्रमुखाच्या कानी घालायची. गावात कोणती अफवा चालू आहे, तीही याच वेळी कळते.

आता निरोप कसा असावा? समजा, फलकावर एवढेच लिहिले: “जंगलात आग लागली आहे. सर्वांनी सावध राहावे.” वाचणाऱ्याने काय करावे? घरी बसावे की पळावे? अशा निरोपाने भीती तेवढी वाढते. त्याऐवजी असे लिहिले तर?

“आज २० मार्च, दुपारी ४ वाजता. गावाच्या पूर्वेला टेकडीवर आग आहे. वारा गावाकडे वाहतो आहे. गुरे आत्ताच परत आणा. टेकडीचा रस्ता बंद आहे. लहान मुले व म्हातारी माणसे यांना शाळेत आणा. आग नाल्याच्या अलीकडे आली आहे का, हे अजून समजले नाही. पुढची खबर ५ वाजता देऊ. वनपरिक्षेत्र अधिकारी.”

बघा, यात न समजलेली गोष्टही स्पष्ट सांगितली आहे. पुढची खबर कधी मिळेल तेही कळते. मग माणूस ५ वाजेपर्यंत धीर धरतो आणि ऐकीव गोष्टींमागे धावत नाही.

खबर न पोचल्याने काय होते, ते ८ ऑगस्ट २०२३ ला दिसले. अमेरिकेच्या हवाई बेटांवर लहाइना नावाचे गाव वणव्यात जळाले. सुमारे शंभर माणसे मेली. तिथे धोक्याचे भोंगे होते, पण ते वाजविलेच नाहीत. अधिकाऱ्यांनी कारण सांगितले की ते भोंगे समुद्राच्या मोठ्या लाटेसाठी ओळखले जातात. ते ऐकून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच, धावले असते. यावरून एक गोष्ट उघड होते. भोंगा वाजला तर काय करायचे, हे लोकांना आधीच शिकवून ठेवले पाहिजे.

आपल्याकडेही वणव्याने जीव घेतले आहेत. गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात ८ एप्रिल २०२१ ला आग विझविताना तीन मजूर मरण पावले. अशा प्रसंगी माहिती अधिकाऱ्याचे काम फार नाजूक होते. मेलेल्या माणसाचे नाव आधी त्याच्या घरच्यांना कळले पाहिजे, मग वर्तमानपत्राला. आपल्या माणसाचा मृत्यू आईने दुसऱ्याच्या फोनवर वाचावा, यासारखे दुःख नाही.

आता आपले काम. निरोप आला की चार गोष्टी पाहा: तारीख, वेळ, गावाचे नाव आणि पाठविणाऱ्याचे नाव. यांतले एक जरी नसले तरी तो पुढे पाठवू नका. कालची आग आजची म्हणून फिरते, बरं का. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे खोटा इशारा देऊन घबराट पसरविणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. निरोप खरा असेल, तर ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या पदरचे काही घालू नका.

आणि रानात धूर दिसला तर? वनखात्याला १९२६ किंवा पोलिसांना ११२ या क्रमांकावर फोन करा. शिवार कोणते, जवळ कोणता नाला किंवा टेकडी आहे, वारा कुठल्या बाजूला वाहतो आणि रानात कोण गेले आहे, एवढे सांगा. अधिकारी गावाला जी खबर देईल, तिची सुरुवात तुमच्या या फोनपासून होते.

आता सांगा:
१. तुमच्या गावातून कोणकोण मोहफुले वेचायला जातात? कोणत्या रानात?
२. त्यांना आगीची खबर कोण पोचवील?
३. तुमच्या गावचा भोंगा वाजला, तर लोकांनी कुठे जमायचे, हे ठरले आहे काय? नसेल, तर येत्या ग्रामसभेत विचारा.