उन्हाळी जेवणात मुलांचाही हातभार

अंबड : एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. शाळांना सुटी असते, उकाड्याने भूक मंदावते आणि गॅससमोर उभे राहणे नकोसे होते. अशा वेळी मुलांना सोबत घेऊन करता येण्याजोगा पदार्थ म्हणजे मराठवाड्याची पारंपरिक सुशीला.

मुरमुरे क्षणभर पाण्यात भिजवून लगेच पिळावेत. त्यात फुटाण्याच्या डाळीचा कूट, मीठ व चिमूटभर साखर मिसळावी. ही कामे मुले सहज करतात. मोहरी, हिरवी मिरची, कांदा व हळदीची फोडणी मात्र मोठ्यांनीच द्यावी. मुरमुरे परतून वर कोथिंबीर पेरावी. गॅस जेमतेम पाच-सात मिनिटे लागतो.

सोबत ताक घुसळण्याचे किंवा मोसंबी सोलण्याचे काम मुलांकडे सोपवावे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचा रस काढून ठेवल्यास त्यात लिमोनिन हा घटक तयार होऊन कडवटपणा येतो. म्हणून रस ताजाच प्यावा.

रात्री दहीभात करणार असल्यास दुपारचा भात ओट्यावर ठेवू नये. बत्तीस अंशांवरील तापमानात शिजलेले अन्न तासाभरात फ्रीजमध्ये ठेवणे आवश्यक असते. शिळ्या भातातील काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. मुलांना पाककृतीबरोबरच ही दक्षताही शिकवावी.