मॅग्डालेन धुलाईगृहे भरपाई योजना

मॅग्डालेन धुलाईगृहे भरपाई योजना ही आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सरकारने २०१३ साली जाहीर केलेली योजना आहे. कॅथलिक धर्मभगिनींच्या संघांनी चालविलेल्या धुलाईगृहांत ज्या स्त्रियांना कोंडून ठेवण्यात आले आणि ज्यांच्याकडून विनावेतन काम करून घेण्यात आले, त्यांना आर्थिक साहाय्य, निवृत्तिवेतन व आरोग्यसेवा देणे हा तिचा उद्देश आहे. संस्था खाजगी असली, तरी राज्यसंस्थेने तिचा वापर केला असेल तर जबाबदारी कोणाची, हा या योजनेमागील मूळ प्रश्न होय. तो सुटण्यास शेवटचे धुलाईगृह बंद झाल्यावरही सतरा वर्षे लागली.

== पार्श्वभूमी ==

बायबलमधील मेरी मॅग्डालेन हिला ख्रिस्ती परंपरेने दीर्घकाळ पश्चात्तापदग्ध स्त्रीचे प्रतीक मानले. तिच्या नावाने ‘पतित’ समजल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी युरोपात आश्रयगृहे निघाली. लंडनमध्ये असे गृह १७५८ साली सुरू झाले. डब्लिनमधील लीसन स्ट्रीटवरील पहिले गृह लेडी अराबेला डेनी यांनी १७६७ साली उघडले. ते प्रॉटेस्टंट पंथीयांचे होते. स्त्रीला काही काळ आसरा द्यावा, काम शिकवावे आणि पुन्हा समाजात पाठवावे, अशी मूळ कल्पना होती.

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधील बहुतेक गृहे कॅथलिक धर्मसंघांच्या हाती गेली व त्यांचे स्वरूप बदलले. संस्थेचा खर्च भागविण्यासाठी बाहेरचे कपडे धुण्याचा व्यवसाय सुरू झाला आणि पुढे तोच संस्थेचा कणा बनला. १९२२ साली आयर्लंड स्वतंत्र झाल्यानंतर अशी दहा धुलाईगृहे चालू होती. ती चार संघांकडे होती : सिस्टर्स ऑफ मर्सी, गुड शेफर्ड सिस्टर्स, सिस्टर्स ऑफ अवर लेडी ऑफ चॅरिटी आणि रिलिजस सिस्टर्स ऑफ चॅरिटी. डब्लिन, कॉर्क, लिमरिक, वॉटरफर्ड, गॉलवे, न्यू रॉस व डन लेरी येथे ती होती. डब्लिनच्या शॉन मॅकडरमट स्ट्रीटवरील शेवटचे धुलाईगृह २५ ऑक्टोबर १९९६ रोजी बंद झाले.

== धुलाईगृहांतील जीवन ==

धुलाईगृहांत येणाऱ्या सर्व स्त्रिया अविवाहित माता किंवा वेश्याव्यवसायातील होत्या, हा समज चुकीचा आहे. अनाथ व औद्योगिक शाळांमधून आलेल्या मुली, घरात नकोशा झालेल्या मुली, लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुली, मतिमंद स्त्रिया, किरकोळ गुन्ह्यांसाठी न्यायालयाने पाठविलेल्या स्त्रिया अशा अनेकींचा त्यांत समावेश होता. अनेकींना आपण येथे का आहोत आणि कधी बाहेर पडणार, हे कोणीच सांगितले नव्हते.

वाचलेल्या स्त्रियांच्या कथनांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. प्रवेशाच्या वेळी नाव बदलले जाई, केस कापले जात, अंगावरचे कपडे काढून गणवेश दिला जाई. दारे कुलूपबंद असत. दिवसभर धुणे, पिळणे, इस्त्री करणे व घड्या घालणे ही कामे चालत. बोलण्यास बहुधा मनाई असे. कामाचे वेतन मिळत नसे. पळून गेलेल्या मुलीला पोलिसांनी पकडून परत आणल्याचीही उदाहरणे आहेत.

वेतन नसल्यामुळे त्यांच्या नावे सामाजिक विम्याचे हप्तेही भरले गेले नाहीत. परिणामी म्हातारपणी त्यांना पूर्ण निवृत्तिवेतनाचा हक्क उरला नाही. भरपाई योजनेत निवृत्तिवेतनाला महत्त्वाचे स्थान मिळाले, त्याचे कारण हे आहे.

== प्रश्न उघडकीस येणे ==

१९९३ साली डब्लिनच्या ड्रमकोंड्रा भागातील हाय पार्क येथील धर्मसंघाने जमीन विकली. त्या जमिनीत धुलाईगृहातील स्त्रियांची दफनभूमी होती. १३३ मृतदेह उकरून हलविण्याची परवानगी घेण्यात आली होती. प्रत्यक्षात आणखी २२ मृतदेह आढळले. अनेकींच्या मृत्यूची नोंदच नव्हती. बहुतेक अवशेषांचे दहन करून ते ग्लासनेव्हिन दफनभूमीत ठेवण्यात आले. या घटनेने समाजात खळबळ उडाली व मृत स्त्रियांच्या स्मारकासाठी समिती स्थापन झाली. १९९६ साली राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन उद्यानात या स्त्रियांच्या स्मरणार्थ एका बाकाचे अनावरण झाले.

== भरपाईतून वगळणूक ==

निवासी संस्थांत बालपणी अत्याचार सोसलेल्यांसाठी आयर्लंडने २००२ साली भरपाईचा कायदा केला. औद्योगिक शाळा व सुधारगृहे त्याच्या कक्षेत आली. मॅग्डालेन धुलाईगृहे मात्र बाहेर राहिली. ही गृहे खाजगी मालकीची होती, शासनाने तेथे कोणास पाठविले नाही व त्यांच्यावर शासनाची देखरेख नव्हती, अशी सरकारची भूमिका होती. २००९ साली शिक्षणमंत्र्यांनी एका पत्रात या स्त्रियांचा उल्लेख धुलाईगृहांच्या ‘माजी कर्मचारी’ असा केला, तेव्हा त्यावर तीव्र आक्षेप घेण्यात आला. कर्मचाऱ्याला वेतन मिळते आणि नोकरी सोडण्याची मुभा असते. या स्त्रियांना दोन्ही नव्हते.

२००३ साली स्थापन झालेल्या ‘जस्टिस फॉर मॅग्डालेन्स’ या संघटनेने सरकारच्या भूमिकेला पुराव्यांनिशी आव्हान दिले. संघटनेचा युक्तिवाद मुख्यतः तीन मुद्द्यांवर उभा होता :

* न्यायालयांनी स्त्रियांना धुलाईगृहांत पाठविले होते. १९६० च्या फौजदारी न्याय कायद्याने तर शॉन मॅकडरमट स्ट्रीटवरील गृहाचा तरुण मुलींना कोठडीत ठेवण्यासाठी वापर करण्यास मान्यता दिली होती.
* सरकारी खात्यांनी धुलाईगृहांना कपडे धुण्याची कंत्राटे दिली होती.
* आयर्लंडने सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९३१ साली स्वीकारला होता. त्यामुळे खाजगी संस्थेतील सक्तीची मजुरी रोखणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य होते.

२०१० साली आयरिश मानवी हक्क आयोगाने चौकशीची शिफारस केली. जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीनेही स्वतंत्र चौकशी, दोषींवर कारवाई व पीडितांना भरपाई या मागण्या उचलून धरल्या. त्यानंतर सरकारने आंतरखातेनिहाय समिती नेमली.

== मॅकअलीज समितीचा अहवाल ==

सिनेटर मार्टिन मॅकअलीज यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचा अहवाल ५ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाला. १९२२ पासून किमान १०,०१२ स्त्रिया धुलाईगृहांत दाखल झाल्याचे त्यात नमूद आहे. गॉलवे व डन लेरी येथील नोंदवह्या उपलब्ध नसल्याने तेथील स्त्रियांचा या आकड्यात समावेश नाही. ज्या प्रवेशांचा मार्ग ज्ञात आहे, त्यांपैकी २६.५ टक्के प्रवेशांत शासनाचा सहभाग होता. दाखल झालेल्यांत सर्वांत लहान मुलगी ९ वर्षांची, तर सर्वांत वृद्ध स्त्री ८९ वर्षांची होती.

शासनाचा संबंध सिद्ध झाल्यामुळे ‘खाजगी संस्था’ हा बचाव कोसळला. तथापि अहवालावर टीकाही झाली. निम्म्याहून अधिक स्त्रिया एक वर्षापेक्षा कमी काळ राहिल्या, असा निष्कर्ष अपुऱ्या नोंदींवर बेतलेला आहे, असे संघटनांचे म्हणणे होते. शारीरिक छळ विरळ होता, हे विधानही अनेक स्त्रियांच्या साक्षींशी विसंगत असल्याचे सांगण्यात आले. समितीला सक्तीने पुरावे मागविण्याचे वैधानिक अधिकार नव्हते, हा आक्षेप आजही घेतला जातो.

१९ फेब्रुवारी २०१३ रोजी पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत राज्यसंस्थेच्या वतीने या स्त्रियांची माफी मागितली. त्या वेळी सज्जात बसलेल्या वृद्ध स्त्रियांना सदस्यांनी उभे राहून मानवंदना दिली.

== योजनेचे स्वरूप ==

योजनेचा आराखडा न्यायमूर्ती जॉन क्वर्क यांनी तयार केला. त्यांनी स्त्रियांच्या प्रत्यक्ष भेटी घेतल्या. प्रत्येकीला पुन्हा आपल्यावरील अन्याय सिद्ध करावा लागू नये, यासाठी रक्कम वास्तव्याच्या कालावधीवर ठरविण्याची पद्धत त्यांनी सुचविली. त्यांचा अहवाल जून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला व सरकारने शिफारशी स्वीकारल्या.

=== आर्थिक साहाय्य ===

रकमेचे दोन भाग होते : एक सोसलेल्या त्रासासाठी व दुसरा केलेल्या कामासाठी. एकत्रित रक्कम पुढीलप्रमाणे ठरली :

* तीन महिने किंवा कमी काळ : ११,५०० युरो
* एक वर्ष : २०,५०० युरो
* दहा वर्षे किंवा अधिक : १,००,००० युरो (कमाल)

एकरकमी ५०,००० युरोंपर्यंतच रक्कम मिळे. उरलेली रक्कम आठवड्याच्या हप्त्यांत आयुष्यभर दिली जाई. ही रक्कम करमुक्त होती.

=== इतर लाभ ===

निवृत्तीचे वय गाठलेल्या स्त्रियांना जणू त्यांचे विम्याचे हप्ते भरले गेले आहेत असे मानून पूर्ण निवृत्तिवेतन देण्याचे ठरले. ६६ वर्षांखालील स्त्रियांना आठवड्याला १०० युरो. आरोग्यसेवांच्या तरतुदीसाठी २०१५ साली स्वतंत्र कायदा झाला.

=== अट ===

लाभ घेणाऱ्या स्त्रीला शासनाविरुद्ध दावा न करण्याचे लेखी देणे आवश्यक होते. त्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेण्यासाठी शासन मर्यादित खर्च देत असे.

योजनेखाली ८०० हून अधिक स्त्रियांना ३ कोटी युरोंपेक्षा अधिक रक्कम देण्यात आली आहे.

== अंमलबजावणीवरील टीका ==

मूळ योजनेत दहा धुलाईगृहे व दोन प्रशिक्षणसंस्था मिळून बारा संस्था होत्या. ज्या मुलींची नोंद शेजारच्या औद्योगिक शाळेच्या वहीत होती, पण ज्या दिवसभर धुलाईगृहात राबत होत्या, त्यांचे अर्ज फेटाळले गेले. दोन्ही संस्था एकाच आवारात, एकाच संघाच्या असूनही कागदोपत्री निराळ्या होत्या.

लोकपाल पीटर टिंडल यांनी नोव्हेंबर २०१७ च्या अहवालात न्यायखात्याच्या कारभारावर ताशेरे ओढले. खात्याने धर्मसंघांच्या नोंदींवर अवाजवी विसंबून राहून स्त्रियांच्या स्वतःच्या कथनाला पुरेसे वजन दिले नाही, असे त्यांनी नोंदविले. निर्णयक्षमता नसलेल्या काही स्त्रियांना त्यांच्या वतीने रक्कम स्वीकारण्याची कायदेशीर सोय नसल्याने वर्षानुवर्षे थांबावे लागल्याचेही त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर २०१८ साली लगतच्या १४ संस्थांमध्ये राहून धुलाईगृहात काम केलेल्या स्त्रियांना योजना लागू करण्यात आली.

आरोग्यपत्राबाबतही नाराजी राहिली. दूषित रक्तामुळे यकृतदाह झालेल्या रुग्णांना मिळतात तशा सेवा द्याव्यात, अशी क्वर्क यांची शिफारस होती. २०१५ च्या कायद्याने दिलेल्या सेवा त्याहून कमी आहेत, अशी स्त्रियांची तक्रार आहे.

== धर्मसंघांची भूमिका ==

चारही संघांनी या भरपाईच्या खर्चात वाटा उचलण्यास नकार दिला. सरकारने वारंवार आवाहन केले, पण सक्तीचा कायदेशीर मार्ग अवलंबिला नाही. त्यामुळे संपूर्ण भार करदात्यांवर पडला.

== स्मृती ==

जून २०१८ मध्ये देशविदेशांतून आलेल्या दोनशेहून अधिक स्त्रिया डब्लिनमध्ये एकत्र आल्या; राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी आपल्या निवासस्थानी त्यांचे स्वागत केले. शॉन मॅकडरमट स्ट्रीटवरील इमारत महानगरपालिकेच्या मालकीची होती. ती हॉटेलसाठी विकण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी नगरसेवकांनी फेटाळला. २०२२ साली तेथे राष्ट्रीय संशोधन व स्मृती केंद्र उभारण्यास सरकारने मान्यता दिली.

== भारतीय संदर्भ ==

मॅग्डालेन चळवळीच्या मूळ कल्पनेशी महाराष्ट्राचा एक दूरचा धागा जुळतो. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथील आश्रयगृह दाखविले. तेथे ‘पतित’ स्त्रियांना मिळणारी दयाळू वागणूक पाहून त्या प्रभावित झाल्या. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी अशा स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. आश्रयगृहाची कल्पना आणि आयर्लंडमध्ये तिला आलेले बंदिस्त, व्यावसायिक रूप यांतील फरक यावरून ध्यानात येतो.

भारतात निवासी संस्थांमधील स्त्रियांसाठी मॅग्डालेन योजनेसारखी पूर्वलक्षी राष्ट्रीय योजना नाही. न्यायालयांनी मात्र तिच्यामागील तत्त्वे निरनिराळ्या खटल्यांत मान्य केली आहेत. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम ही संविधानाच्या अनुच्छेद २३ नुसार सक्तीची मजुरी ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले. रुदुल साह खटल्यात (१९८३) निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे तुरुंगात ठेवलेल्या माणसाला शासनाने भरपाई द्यावी, असा आदेश झाला. आग्र्याच्या महिला संरक्षणगृहातील दुरवस्थेची दखल सर्वोच्च न्यायालयाने उपेंद्र बक्षी व लतिका सरकार या प्राध्यापकांच्या पत्रावरून घेतली होती. महाराष्ट्रात २०१३ साली सुरू झालेली मनोधैर्य योजना बलात्कार व आम्लहल्ल्याच्या पीडितांना साहाय्य देते. ती मात्र विशिष्ट गुन्ह्यांपुरती आहे, संस्थेतील दीर्घकालीन अन्यायासाठी नाही.

== हेही पाहा ==

* पंडिता रमाबाई
* मनोधैर्य योजना
* वेठबिगारी
* मानवी हक्क