दुसऱ्या वर्षाची वर्गणी

मराठी मासिके टपालाने घरोघर जात, त्या काळी प्रत्येक मासिकाच्या कार्यालयात वर्गणीदारांची एक जाडजूड वही असे. नाव, पत्ता, वर्गणी कोणत्या अंकापासून सुरू झाली आणि कोणत्या अंकाला संपते, एवढाच तिचा मजकूर. मुदत संपली की पुढचा अंक व्ही.पी.ने जाई. पोस्टमनच्या हाती पैसे देऊन वाचकाने तो सोडवून घेतला, तर वर्गणी आणखी एक वर्ष चालू. व्ही.पी. परत आली, तर टपालखर्च अंगावर पडे आणि वहीतील एका नावावर रेघ ओढली जाई. मासिकाची खरी प्रकृती संपादकीयावरून नव्हे, तर परत आलेल्या या गठ्ठ्यावरून कळत असे.

स्वतःच्या संकेतस्थळावर सशुल्क मजकूर देण्याचा आज रूढ होत असलेला व्यवसाय हा त्याच वहीचा नवा अवतार आहे. समजा, फोंड्यातील एखादा अभ्यासक नाट्यपदांमागची मूळ बंदिश, तिचा राग आणि ती गाणारे नट यांविषयी दर आठवड्याला सविस्तर लिहितो. त्याचा वाचक जसा म्हापशात असेल, तसाच इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा न्यू जर्सीतही असू शकतो. छापील मासिक काढणे त्याला परवडणारे नाही. जाहिरातदारांना या विषयात रस नाही. काही शे वाचकांनी थेट पैसे दिले तर मात्र त्याचे लेखन चालू राहू शकते. प्रश्न एवढाच की, हे गणित प्रत्यक्षात कसे बसते?

एकट्याने चालवलेले प्रकाशन

या व्यवसायाचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण ‘स्ट्रॅटेकरी’ या संकेतस्थळाचे आहे. बेन थॉम्पसन या अमेरिकी लेखकाने ते २०१३ मध्ये सुरू केले. विषय तंत्रज्ञान कंपन्यांच्या व्यावसायिक डावपेचांचा. एक वर्ष सारे लेखन मोफत ठेवून त्याने प्रथम वाचक जोडले आणि २०१४ मध्ये सशुल्क सभासदत्व आणले. रचना साधी होती. आठवड्याला एक मोठा लेख सर्वांसाठी खुला. त्याखेरीज आठवड्यातील ठरलेल्या दिवशी इमेलने येणारे टिपण केवळ वर्गणीदारांसाठी. महिन्याला दहा डॉलर किंवा वर्षाला शंभर डॉलर, हा त्याचा सुरुवातीचा दर. त्याच वर्षी नोकरी सोडून तो पूर्णवेळ याच कामाला लागला. पुढे २०१७ मध्ये ‘सबस्टॅक’ ही कंपनी निघाली, ती याच नमुन्यावरून.

थॉम्पसनने पुढे या व्यवसायाची मांडणी करताना एक भेद स्पष्ट केला, तो महत्त्वाचा आहे. वर्गणीदार एखाद्या लेखाचे पैसे मोजत नाही. ठरलेल्या दर्जाचे काहीतरी ठरलेल्या वेळी आपल्याला मिळत राहील, या शाश्वतीचे तो पैसे मोजतो. त्यामुळे खुला लेख हा नमुना आणि सशुल्क टिपण हा माल, अशी विभागणी होते. आपल्याकडे अनेक जण नेमके उलटे करतात. उत्तम लेख कुलुपात ठेवतात आणि किरकोळ मजकूर मोफत वाटतात. अनोळखी वाचकाला मग त्या लेखणीची ओळखच पटत नाही.

बंगळुरूहून २०१६ पासून निघणाऱ्या ‘द केन’नेही प्रारंभी दिवसाला एकच दीर्घ वृत्तलेख देण्याचे वचन दिले होते. वचन मोजके असले की ते पाळता येते. एकट्या माणसाने दररोज लिहिण्याची घोषणा करून तिसऱ्या महिन्यात दमून जाण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, पण न चुकता लिहिणे वाचकाला अधिक भरवशाचे वाटते.

वही कोणाच्या ताब्यात?

स्वतःचे संकेतस्थळ कशासाठी, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. फेसबुक वा यूट्यूबवर हजारो अनुयायी असले, तरी त्यांची नावे आणि इमेल पत्ते लेखकाच्या हाती नसतात. कंपनीने नियम बदलला की संपर्क तुटतो. सबस्टॅक वाचकांची यादी काढून नेण्याची मुभा देते, पण वर्गणीतील दहा टक्के वाटा घेते. शिवाय तिची वसुली ‘स्ट्राइप’ या सेवेवर अवलंबून आहे आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवी खाती केवळ निमंत्रणानेच उघडण्याचे धोरण ठेवले आहे. म्हणजे गोव्यातील लेखकाला तो मार्ग फारसा खुला नाही.

उरतात ते दोन सरळ पर्याय. वर्डप्रेसवर सभासदत्वाची जोडणी बसवणे, किंवा ‘घोस्ट’ ही मुक्त स्रोत प्रणाली वापरणे. ना-नफा संस्थेमार्फत चालणारी घोस्ट वर्गणीत वाटा मागत नाही. मात्र तीही मूलतः स्ट्राइपशीच जोडलेली असल्याने भारतीय पेमेंट गेटवे तिला जोडण्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी लागते. वर्डप्रेसला ती जोडणी सहज मिळते, हे त्याचे येथील बळ.

एक काळजी आरंभीच घ्यावी. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, लेखकाच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या इमेल पत्त्यावर नोंदवलेले असावे. संकेतस्थळ बांधून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या खात्यावर ते राहिले आणि तो नोकरीसाठी परदेशी गेला, तर वर्षभराने नूतनीकरणाची सूचना कोणाच्याच हाती पडत नाही.

गळतीचे गणित

केविन केली या अमेरिकी लेखकाने २००८ मध्ये ‘हजार खरे चाहते’ ही कल्पना मांडली. प्रत्येकाकडून वर्षाला शंभर डॉलर मिळाले, तर हजार चाहत्यांवर कलावंत जगू शकतो, असा तिचा आशय. ती भारतात वारंवार सांगितली जाते. आकडा मात्र कोणी रुपयांत करून पाहत नाही. मराठी वाचक एका लेखकासाठी वर्षाला आठ-नऊ हजार रुपये देणार नाही. वर्षाला ९९९ रुपये किंवा महिन्याला ९९ रुपये हा दर धरला, तर हजार वर्गणीदारांचे सुमारे दहा लाख रुपये होतात. ही रक्कम लहान नव्हे. पण मोफत पत्र घेणाऱ्या शंभरांतील तीन जण पैसे भरतील असे गृहीत धरले, तर हजारांसाठी तेहेतीस हजारांवर मोफत वाचक लागतील. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १४ लाख ५८ हजार. त्यातील मराठी वाचणारे, त्यातील या विषयाचे रसिक, असे वजा करत गेल्यास केवळ राज्यापुरता विषय पुरणार नाही, हे उघड आहे. फोंड्याच्या अभ्यासकाला इंदूर-बडोद्याचा वाचक हौसेखातर नव्हे, हिशेबासाठी हवा.

त्याहून जाचक आकडा गळतीचा. पाचशे मासिक वर्गणीदारांपैकी दरमहा पाच टक्के सोडून जात असतील, तर वर्षअखेरीस मूळचे २७० उरतात. म्हणजे संख्या आहे तेथेच ठेवण्यासाठी वर्षभरात किमान २३० नवे आणावे लागतात. आणि नव्यांतलेही काही गळणारच. गळती तीन टक्क्यांवर आणली, तर तेच २७० चे सुमारे ३४७ होतात. नवे ७७ वाचक जाहिरातीने मिळवण्यापेक्षा असलेले ७७ टिकवणे कितीतरी स्वस्त पडते. वार्षिक वर्गणीला १८९ रुपयांची सवलत देण्याचे कारण हेच. वार्षिक वाचक जायचे की राहायचे हा विचार वर्षातून एकदाच करतो, मासिक वाचक बारा वेळा.

उद्या पैसे कापले जातील

भारतात हा विचार वाचकाला करायला लावण्याची सोय नियमांतच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाची आगाऊ संमती नोंदवून घ्यावी लागते आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जावी लागते. आरंभी पाच हजारांवरील प्रत्येक रकमेला पुन्हा पडताळणी आवश्यक होती. जून २०२२ मध्ये ही मर्यादा पंधरा हजार झाली. यूपीआय ऑटोपे २०२० पासून उपलब्ध आहे आणि लहान वर्गणीसाठी तेच अधिक सोयीचे, कारण कार्ड नसलेला वाचकही ते वापरू शकतो.

तेव्हा वाचकाच्या मोबाइलवर ‘उद्या आपल्या खात्यातून ९९९ रुपये वजा होतील’ असा संदेश येतो, तो क्षण म्हणजे व्ही.पी. घेऊन पोस्टमन दारात उभा राहण्याचा क्षण. त्या दिवशी वाचकाला गेल्या दोन महिन्यांतील एखादा लेख आठवला, तर तो पैसे जाऊ देतो. काहीच आठवले नाही, तर ‘रद्द करा’ हे बटण एका बोटावर असते. म्हणून कसलेले प्रकाशक नूतनीकरणाच्या महिनाभर आधी वर्षातील निवडक लेखांची यादी स्वतःच पाठवतात. खात्यात शिल्लक नसल्यामुळे अडलेली वसुली हा आणखी वेगळा प्रकार. हा वाचक गेलेला नसतो, त्याला कळलेलेही नसते. त्याला दोन-तीन वेळा सौम्य स्मरणपत्र न पाठवता नावावर रेघ ओढणे म्हणजे हातचा वर्गणीदार घालवणे होय.

सोडून जाऊ इच्छिणाऱ्याला अडवू मात्र नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध केली. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे ही त्यांतील एक आहे.

छापील कागद आणि पडदा

कराच्या बाबतीत बहुतेकांची समजूत चुकते. छापील वृत्तपत्रे व नियतकालिके यांवर वस्तू व सेवा कर नाही. तोच मजकूर संकेतस्थळावर वर्गणीने दिला, तर ती ऑनलाइन सेवा ठरते आणि तिला १८ टक्के दर लागतो. हा भेद केवळ भारतातला नव्हे. फ्रान्समध्ये ‘मीडियापार’ हे २००८ मध्ये सुरू झालेले, जाहिरात न घेणारे आणि केवळ वर्गणीवर चालणारे वृत्तसंकेतस्थळ याच प्रश्नात अडकले. छापील वृत्तपत्रांना २.१ टक्के कर आणि ऑनलाइन प्रकाशनांना पूर्ण दर, हा अन्याय असल्याचे सांगून त्यांनी कमी दरानेच कर भरला. संसदेने २०१४ मध्ये दोन्हींचा दर समान केला. तरीही आधीच्या वर्षांची चाळीस लाख युरोंहून अधिक मागणी त्यांच्यावर आलीच. वाचकांनी त्यांना देणग्याही दिल्या.

आपल्याकडे वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही आणि ही सवलत राज्याबाहेरील वाचकांना सेवा दिली तरी टिकते. ९९९ रुपयांच्या दराने ही सीमा दोन हजार वर्गणीदारांच्या आसपास येते. त्यापुढे दर तोच ठेवला, तर प्रत्येक ९९९ मधील सुमारे १५२ रुपये कराचे. पेमेंट गेटवेचे सुमारे दोन टक्के आणि त्यावरील कर वेगळाच. परदेशी वाचकांचे पैसे येऊ लागले की सनदी लेखापालाचा सल्ला घेणे भाग पडते.

कुलूप आणि फटी

मजकूर कुलुपात ठेवण्याच्या रीती अनेक आहेत. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये महिन्याला वीस लेख मोफत ठेवून आरंभ केला आणि वर्षभरात ते दहावर आणले. महिन्याला चार लेख लिहिणाऱ्याला अशी मोजणी निरर्थक आहे. त्याने सरळ काही खुले, काही बंद ठेवावे. तांत्रिक चूक एकच वारंवार आढळते. पूर्ण लेख वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पाठवून वर नुसता पडदा टाकला जातो. तो दूर सारणे शाळकरी मुलालाही जमते. सभासदत्वाची खात्री सर्व्हरवरच व्हावी आणि तोवर पुढचा मजकूर पाठवूच नये.

पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार, हे गृहीतच धरावे. तिच्यामागे धावण्यात वेळ घालवू नये. पुढे पाठवलेल्या लेखाच्या तळाशी संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे असला, तर त्यातूनही एखादा वर्गणीदार मिळतो.

हिशेबातील एक नोंद मात्र आरंभापासून काटेकोर हवी. वार्षिक वर्गणी एकरकमी जमा होते तेव्हा ती सारी कमाई नसते. ९९९ रुपयांपैकी महिन्याला सुमारे ८३ रुपयेच कमावलेले असतात, उरलेले वाचकाचे देणे असते. आजारपण आले, प्रकाशन चौथ्या महिन्यानंतर थांबवावे लागले, तर आठ महिन्यांचे पैसे परत करावे लागतील. बंद पडलेल्या किती मासिकांनी वर्गणीदारांची अशी शिल्लक बुडवली, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. म्हणून आलेली वार्षिक वर्गणी वेगळ्या खात्यात ठेवून दर महिन्याला तिचा बारावा हिस्सा घरखर्चाच्या खात्यात वळवण्याची पद्धत काही लहान प्रकाशक पाळतात. बाराव्या महिन्याच्या अखेरीस त्या वाचकाच्या नावे तेथे काही उरलेले नसते, आणि त्याच सुमारास त्याच्या मोबाइलवर पुढच्या वसुलीची सूचना पोहोचलेली असते.