डाळिंबी म्हणजे नेमका किती?

भंवरकुआं चौकातून खंडवा रोडने विद्यापीठाकडे निघालात तर दोन्ही हातांना कोचिंग क्लासचे फलक लागतात. या भागात मी पुस्तकांची आणि स्मरणिकांची मांडणी करतो, थोडेफार शिकवतोही. शिकायला येणाऱ्यांत मराठी घरांतली मुलेही असतात. मुखपृष्ठाचा रंग विचारला की ती 'डार्क पिंक' म्हणतात, किंवा 'मरून'. त्यांच्या आजीच्या साडीला घरात डाळिंबीच म्हणत असतील, पण संगणकापुढे तो शब्द सुचत नाही. त्याला कारण आहे. संगणकाने तो कधी विचारलेलाच नसतो.

ग्राफिकच्या प्रणालीत 'स्वॉच' म्हणून जो छोटा चौकोन दिसतो, तो म्हणजे जपून ठेवलेले रंगाचे मिश्रण. छपाईसाठी ते निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांच्या टक्क्यांत लिहितात. इलस्ट्रेटर नव्या स्वॉचला आपणहून आकड्यांचेच नाव देते: 'सी २०, एम ९५, वाय ६०, के १०'. त्या चौकोनावर दोनदा क्लिक करून मी तिथे 'डाळिंबी' लिहायला लावतो. देवनागरी युनिकोडमध्ये टंकली की झाले.

त्याच चौकटीत 'ग्लोबल' अशी खूण असते. ती केली की स्वॉचच्या कोपऱ्यात पांढरा त्रिकोण येतो, आणि पुढे आकडे बदलले की तो रंग वापरलेली प्रत्येक जागा आपोआप बदलते. खूण नसेल तर प्रत्येक मथळा, प्रत्येक चौकट शोधून बदलावी लागते. स्मरणिकेच्या घाईत हे किती जिवावर येते, ते संपादक मंडळींना ठाऊक आहे.

आकडे बदलावे लागतातच. मॅपलिथो कागद शाई पितो, त्यावर डाळिंबी मंद पडतो. आर्टपेपरवर तोच झळकतो. म्हणून मी 'डाळिंबी मॅपलिथो' आणि 'डाळिंबी आर्ट' असे दोन स्वॉच ठेवतो. दुसऱ्याच्या फाइलमधून मजकूर चिकटवताना त्याचाही 'डाळिंबी' येतो आणि प्रणाली विचारते, दोन्ही एकत्र करू की वेगळे ठेवू? इथे न वाचता 'ओके' दाबू नये.

नावे आणायची कुठून? इंदूरकरांना फार लांब जायला नको. नव्वदेक किलोमीटरवरच्या महेश्वरच्या साड्यांत अंगूरी, डाळिंबी, गुलबक्षी, तपकिरी, धानी, राणी ही नावे चालत आली आहेत. हिंदी-मराठीची ही सरमिसळ मला माळव्याची खरी बोली वाटते. ती शुद्ध करत बसू नये. रंगांची अशी यादी करण्याची कल्पनाही जुनी आहे. १८१४ साली पॅट्रिक साइमने वेर्नरच्या रंगनामावलीत प्रत्येक रंगापुढे पक्षी, फूल किंवा खनिज लिहिले, आणि बीगल जहाजावर डार्विनने ती यादी वापरली.

स्वतःची यादी असण्याचा एक व्यवहारी फायदाही आहे. २०२२ मध्ये अ‍ॅडोबीच्या प्रणालींतून पॅन्टोनचे बहुतेक रंगसंच निघाले, आणि वेगळे पैसे न भरणाऱ्या अनेकांच्या फायलींत त्या रंगांच्या जागी काळा दिसू लागला. तुमच्या 'गुलबक्षी'चे भाडे कोणी मागणार नाही.

यादी दुसऱ्याला द्यायची तर इलस्ट्रेटरमधून 'एएसई' फाइल काढावी; ती इनडिझाइन आणि फोटोशॉपमध्येही चालते. मात्र ग्रेडियंट आणि पॅटर्न तिच्यात जात नाहीत. शाळांना मी इंकस्केप सुचवतो, कारण ते फुकट आहे आणि त्याची 'जीपीएल' रंगफाइल म्हणजे साधा मजकूर असतो: एका ओळीत लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ पर्यंतचे तीन आकडे आणि पुढे नाव. नोटपॅडमध्ये सहावीचा विद्यार्थीही ती लिहील. तिच्यात छपाईचे टक्के मावत नाहीत. ते वहीत वेगळे टिपून ठेवावेत.

आमच्या वर्गाच्या यादीत आता आमसुली, अबोली, पारवा, विटकरी, शेवाळी आले आहेत. वाद उरला आहे तो मोरपंखीवर. कोणाला तो निळ्याकडे झुकलेला हवा, कोणाला हिरव्याकडे, आणि पिसाची खरी झळाळी तर चार शायांत उतरतच नाही. तूर्त पॅनेलमध्ये दोन मोरपंखी आहेत.