२०० एमबीपीएसचा प्लॅन, पण स्पीड ९४ वरच का अडकतो?

बेलवलीतल्या आमच्या घरी नुकताच २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. बदलापूर ते सीएसएमटी लोकलची दगदग वाचवायची, तर वर्क फ्रॉम होम नीट चालायला हवं ना! पण कॉम्प्युटरवर कितीही वेळा स्पीड टेस्ट केली, तरी आकडा ९४ च्या पुढे जाईना. राउटरजवळ उभं राहून मोबाईलच्या वाय-फायवर मात्र १८० च्या वर. म्हणजे नेट घरापर्यंत व्यवस्थित येत होतं. ते अडत होतं टीव्हीमागच्या एका छोट्या डबीत. तिचं नाव ‘नेटवर्क स्विच’.

हा स्विच करतो काय?

राउटरला वायर लावायच्या जागा, म्हणजे पोर्ट, मोजकेच असतात. कॉम्प्युटर, टीव्ही, सीसीटीव्ही असं सगळं वायरने जोडायचं असेल, तर स्विच लावून पोर्ट वाढवतात.

मग त्याने स्पीड कमी होतो का?

ते स्विच कोणता आहे यावर ठरतं. ‘फास्ट इथरनेट’ हे मानक १९९५ चं. नावात ‘फास्ट’ असलं तरी त्याची मर्यादा १०० एमबीपीएस. डेटाच्या प्रत्येक तुकड्यासोबत पत्ता वगैरे माहिती जाते. ती वजा केली की हातात साधारण ९४-९५ उरतात. तांब्याच्या वायरवरच्या ‘गिगाबिट’चं मानक १९९९ मध्ये आलं. त्याची मर्यादा १००० एमबीपीएस.

म्हणजे प्लॅन ५० चा असेल तर जुना स्विचही पुरतो. २०० चा असेल तर निम्मा स्पीड तिथेच अडतो. शिवाय राउटरकडून स्विचकडे एकच वायर येते. त्यामुळे टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच वेळी चालू असतील, तर तेवढाच स्पीड दोघांत वाटला जातो. गिगाबिट स्विचमुळे मात्र अशा प्लॅनवर जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

वायरही तपासा

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नसेल, तर बऱ्याचदा नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं. घरासाठी ‘कॅट ५ई’ केबल पुरेशी आहे.

दोष कुठे आहे हे कसं ओळखाल?

१. स्विचवर किंवा त्याच्या खोक्यावर पाहा. १०/१०० म्हणजे जुना, १०/१००/१००० म्हणजे गिगाबिट.

२. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटची ‘लिंक स्पीड’ बघा. १००/१०० दिसलं, तर वाटेत काहीतरी १०० वर अडलंय.

३. कॉम्प्युटर थेट राउटरला जोडा. स्पीड वाढला तर दोष स्विचचा किंवा त्याच्या वायरचा. तरीही ९४ च आला, तर केबल बदलून बघा. राउटरचा किंवा कॉम्प्युटरचा पोर्टही १०० चाच असू शकतो.

आणखी एक गोंधळ टाळा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाऊनलोड बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये दिसतं. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे २०० च्या प्लॅनवर सेकंदाला २५ मेगाबाइट दिसले, तर तो पूर्ण स्पीड आहे.

आमच्याकडे स्विच बदलला आणि कॉम्प्युटरवरही १९० च्या आसपास स्पीड मिळू लागला. तुमचाही आकडा ९४ वर अडकला असेल, तर कंपनीला फोन लावण्याआधी किंवा आणखी महागडा प्लॅन घेण्याआधी टीव्हीमागे एकदा डोकावून बघा. नाहीतर दर महिन्याला पैसे २०० चे भराल आणि वापराल फक्त ९४.